भुईआवळीला आवतण

४ ऑगस्ट, नांदेड

सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. फॅटी लिव्हर, ग्रेड टू. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून पोरांना ग्रेड वाटल्या, निवृत्तीनंतर आता मलाच एक मिळाली. डॉक्टर म्हणाले, यकृतावर चरबी चढली आहे, वजन उतरवा, साखर सोडा, चाला. हे मी त्यांना न विचारता सांगू शकले असते. आमचे उद्धवराव शेजारच्या खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होते. पाटबंधारे खात्यात लागले तेव्हा यांचं जेवढं वजन होतं तेवढंच निवृत्त होतानाही होतं, आणि दिवसाला चार गोड चहा पितात. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

घरी आले तर शिवानीचा फोन. शिवानी म्हणजे माझ्या चाकूरच्या भावाची मुलगी. लातूरला औषधनिर्माणाच्या कॉलेजात पीएच.डी. करते. विषय, भुईआवळीच्या अर्काने यकृतावरची चरबी कमी होते का. म्हणजे माझं दुखणं हाच तिचा अभ्यास. मी म्हटलं, दे पाठवून एक बाटली. तर म्हणाली, आत्या, आधी काचेच्या बशीतल्या पेशी, मग उंदीर, मग पुढच्या कितीतरी पायऱ्या, आणि माणसं सगळ्यात शेवटी.

पण तिचा आवाज उतरलेला होता. गेल्या वर्षीच्या पोतंभर वाळलेल्या भुईआवळीचा अर्क फुकट गेला आहे. अर्काचा ठिपका काचेच्या पट्टीवर ठेवून द्रव वर चढू दिला की भुईआवळीची म्हणून एक ठरावीक रेघ उमटायला हवी. ती उमटलीच नाही. बशीतल्या पेशींवरही काही परिणाम नाही. तिचे गाईड दयानंद सर म्हणतात, दिवाळीपर्यंत ताज्या वनस्पतीचा नवा अर्क करून बघा, तोही पडला तर विषय बदला. विषय बदलला की पोरीची दोन वर्षं पाण्यात.

आता जे लिहायचं ते लिहिते. वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला घेतली? त्या पोत्याबरोबर कॉलेजात दिलेला ‘वनस्पती ओळखली’ हा दाखला माझ्या सहीचा आहे. पोतं आमच्या दारात उभं होतं, माझ्या एका हातात चहाचा कप होता, वरच्या चार काड्या बघितल्या आणि सही ठोकली. पोत्यात हात घातला नाही. आत लाल देठाची भुईआवळी भरलेली असणार. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण ती रेघ लालीमध्ये उमटत नाही. हे मला रेघ न उमटल्याचं ऐकलं त्याच क्षणी कळलं, आणि मी फोनवर म्हणाले, “व्यापाऱ्यानं जुना माल दिला असेल गं.”

शिवानीलाही तसंच वाटतं.

७ ऑगस्ट

शिवानी म्हणते, या वेळी आत्या तूच चल, आपण आपल्या हाताने गोळा करू. मी इतक्या झटकन हो म्हटलं की उद्धवरावांनी पेपर खाली केला. तिने आणखी एक सांगितलं, तुमच्या अडगळीत जुन्या पोत्यातला उरलेला पाला आहे ना, तो फेकू नकोस. त्या कचऱ्याचं हिला काय करायचं आहे कोण जाणे. आजकालच्या पोरांना काहीही साठवायची हौस.

१२ ऑगस्ट, लातूर

प्रयोगशाळा बघून आले. उंदीर एसीत झोपले होते, वेळच्या वेळी खाणं, वेळच्या वेळी वजन. माझी एवढी बडदास्त कोणी ठेवली असती तर माझं यकृत कशाला बिघडलं असतं?

दयानंद सर सभ्य आणि कोरडे. त्यांनी शिवानीकडे जुन्या पोत्याचा ओळख-दाखला मागितला. कार्यालयातून तुम्हीच नेला होतात, म्हणाले. शिवानी म्हणाली, “सर, सापडत नाहीये, शोधून ठेवते.” कागद सांभाळायचं वळण या मुलीला तिच्या बापाकडून मिळालेलं नाही. एरवी मी तिथल्या तिथे सुनावलं असतं, आज तिच्या गबाळेपणाचे मनातल्या मनात आभार मानले.

तिच्या वहीत खूण म्हणून एक वाळकी लाल देठाची काडी घातलेली दिसली. पण पोरी पिंपळपानं ठेवतात, मोरपिसं ठेवतात, तसंच असेल. मला आता सगळीकडे लालच दिसून राहिलं आहे.

१९ ऑगस्ट, मुखेडजवळची वाडी

शिवानीला प्रयोगशाळेतून सुटी मिळेना, म्हणून एकटीच मुखेडला एसटीने उतरले. ज्ञानोबा माझा जुना विद्यार्थी, बारावीत पानांच्या आकृत्या सुरेख काढायचा, आता शेती बघतो. त्याच्या आई नागुबाई पंचक्रोशीत काविळीचं औषध देतात. बदल्यात पैसा घेत नाहीत, नुसतं पान-सुपारी. पोटात पाणी झालेलं असेल तर हातही लावत नाहीत, नांदेडच्या दवाखान्यात धाडतात. सगळीकडे सोयाबीनवर तणनाशक मारून भुईआवळी संपली, पण नागुबाईंच्या आंब्याखालच्या तुकड्यात फवारणीचा पंप न्यायची ज्ञानोबाची अजून हिंमत नाही. तिथे गुडघ्याखाली नुसती भुईआवळी माजली आहे.

मी म्हटलं, मावशी, वाळल्यावर एक किलो भरेल एवढी हवी, म्हणजे पाचसहा किलो ओली, आज संध्याकाळी उपटते आणि उद्या निघते. नागुबाईंनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं.

“आज आवतन, उद्या औषद,” त्या म्हणाल्या.

हे प्रकरण असं. औषधाचं झाड न सांगता उपटायचं नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याच्या बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, उद्या सकाळी येते, माझ्यासंगं चल, असं म्हणायचं आणि पहाटे उठून आणायचं. तेही शनिवारी आवतण आणि रविवारी औषध, बाकी वार बंद. एक किलोला महिनाभर लागेल. मी समजावून सांगितलं की वनस्पतीला कान नसतात. “मला बी वाटतच व्हतं,” असं म्हणून त्यांनी तांदळाची वाटी माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे मी.

२० ऑगस्ट

नागुबाई उठायच्या आत फटफटताना शेतात गेले आणि टोपलीभर भुईआवळी उपटून ठेवली. नाव ठेवायला जागा नव्हती इतकं सफाईदार काम.

नागुबाई आल्या. रागावल्या नाहीत, टोपली उलटी केली आणि बसून दोन ढीग करायला लागल्या. पानं मिटलेली होती, लाजाळूसारखी. ही बया रात्रभर पानं मिटून झोपते हे मी दरवर्षी पोरांना शिकवत आले. पण मिटलेल्या पानांत फळं दिसत नाहीत आणि अंधुक उजेडात देठाचा रंगही कळत नाही, हे मात्र मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. नागुबाई एकेक पान बोटाने उघडून बघत होत्या. दुसरा ढीग वाढत गेला. सगळी लाल देठाची. टोपलीतला तिसरा हिस्सा.

मी चुकले ते दारात, कप हातात असताना, असं मी स्वतःला समजावत आले होते. आज हातात कप नव्हता.

२६ ऑगस्ट

आज संध्याकाळी मी मुकाट्याने वाटी घेतली. उद्धवरावही आले होते, कंटाळा आला म्हणून. त्यांच्या हातात हळदीची पुडी.

आवतण द्यायचं म्हणजे वाकायचं. वाकलं की फांदी उलटी करून बघावी लागते, कारण नागुबाई मागे उभ्या असतात. हिरवी असेल तर तीन दाणे, लाल असेल तर पुढे चला. मी विचारलं, लालीला का नाही? तर म्हणाल्या, “ती दुसऱ्या घरची. हिची लेकरं बघा, झोळीत लोंबत्यात. तिची अंगाला चिकटल्यात.” पानाखालच्या फळांना हिरवीत बारीक देठ असतो, लालीत नसतो, हे मी फळ्यावर पंधरा मिनिटं लावून शिकवायचे. नागुबाईंनी झोळीत घालून दिलं.

दोनशे झाडं बघितली. सूर्य खाली गेला तशी पानं मिटत गेली, आणि मला लख्ख कळलं. संध्याकाळी उजेडात, पान उघडं असताना ओळख पटवायची. तांदूळ ही खूण. पहाटे अंधारात डोकं चालवायचंच नाही, ज्याच्या बुडाशी तांदूळ तेच झाड उपटायचं. आमच्या प्रयोगशाळेत याला दोनदा पडताळणी म्हणतात आणि तरीही मी ती केली नव्हती. मी नागुबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं की मावशी, तुमच्या आवतणात शास्त्र आहे. त्या म्हणाल्या, “आसंल. तांदूळ सांडून नगा.”

३ सप्टेंबर

अनर्थ. आम्ही पोचायच्या आत ज्ञानोबाच्या कोंबड्यांनी आवतणाचे तांदूळ फस्त केले. दोनशे झाडं समोर उभी आणि पाहुणे कोण, शेजारी कोण, काही पत्ता नाही. मी म्हटलं, अंदाजाने घेऊ. नागुबाई म्हणाल्या, अंदाजानं सोयरीक करत्यात का? रिकाम्या हाताने परत. उद्धवराव एसटीत मुखेड ते नांदेड हसत होते. यांना पुढच्या वेळी पहाटे कोंबड्या राखायला बसवणार आहे.

एक नोंद, परकर फार सैल झाला आहे. नव्या वॉशिंग मशीनमध्ये कपड्यांचा घाट जातो. जुनी बाई हाताने धुवायची तेच बरं होतं.

१० सप्टेंबर

उद्धवराव काठी घेऊन कोंबड्या राखत बसले, त्यामुळे आजचं औषध निर्वेध पार पडलं. २७ ऑगस्टचं आणि आजचं मिळून वाळल्यावर पाऊण किलोच्या आसपास होईल.

भाकरी, ठेचा आणि ताक झाल्यावर नागुबाईंनी विचारलं, बाई, तुमाला लई घाई हाय, पन तोंडावर बारा का वाजलेत? काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं. पोतं, कप, सही. जे नवऱ्याला सांगितलं नाही ते.

त्यांनी एकच विचारलं. “वळखता आली न्हाई का बगितलीच न्हाई?”

“बघितलीच नाही.”

“मंग वळख कुटं चुकली? डोळा चुकला.” सुपारी कातरत त्या म्हणाल्या, “मला साठ सालं झाली ह्यात. लई येतं आसं वाटायला लागलं की हात आपसूक पुडं जातो. म्हनून सासूनं आवतन लावून दिलं. ते झाडासाठी न्हाई बाई, ते आपल्या हातासाठी हाय.”

मी रडले. छान वाटलं. नंतर त्यांनी विचारलं की पोरीला कवा सांगनार, आणि मी म्हटलं, अर्क लागू पडला की सांगीन. त्यांनी अडकित्ता मिटून ठेवला. तो अडकित्त्याचा आवाज मला परतीच्या वाटेवर फार टोचला.

२४ सप्टेंबर

झालं. सावलीत वाळवून एक किलो शंभर ग्रॅम. प्रत्येक काडी दोनदा बघितलेली. नागुबाईंना साडी दिली तर परत केली, पान-सुपारी तेवढी घेतली. मी त्यांच्या भाषेत सांगितलं की या औषधाने काळजावरची, म्हणजे यकृतावरची, चरबी उतरते का ते बघणार आहेत. त्या म्हणाल्या, “काळजावर चरबी? खाऊन खाऊन?” मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

८ ऑक्टोबर, लातूर

अर्क तयार आहे. उद्या सकाळी पट्टीवर ठिपका ठेवायचा. आठ दिवस विचार करते आहे की रेघ उमटली की सांगू. रेघ उमटल्यावर सगळं माफ होतं. पण रेघ उमटल्यावर सांगणं म्हणजे पुन्हा वरच्या चार काड्या बघून सही करणं. म्हणून आज दुपारी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, पोह्याची बशी समोर असताना सांगितलं. “शिवानी, जुन्या पोत्यात मी हात घातला नव्हता. सही माझी, चूक माझी. दयानंद सरांना तसं सांग.”

तिने पोहे खाली ठेवले, बॅग उघडली आणि एका प्लास्टिकच्या पाकिटातून माझा दाखला काढला. घडी न पडलेला. सोबत ती लाल काडी.

होळीपासून तिला माहीत होतं. रेघ उमटली नाही त्याच दिवशी तिने कॉलेजात नेलेलं पोतं तळापर्यंत उपसलं होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले. आणि आत्या, तुला चारचौघांत खाली बघायला लागलं असतं तर पप्पांनी मला घरात घेतलं नसतं.” मग हसत म्हणाली, “भुईआवळी तुझ्यासारखी ओळखणारं मला दुसरं कोण मिळणार होतं? तू फक्त बघायला पाहिजे होतं.”

सात महिने ही पोर माझी सही बॅगेत घेऊन फिरत होती आणि मी हिला गबाळी म्हणत होते. मला इतकं हलकं वाटलं की तिचे पोहेही मीच संपवले. मग आम्ही दोघी दयानंद सरांकडे गेलो. मी सरळ सांगितलं. ते कागद वाचून म्हणाले, बाई, जुना प्रयोग फुकट नाही गेला, लाल देठाच्या भुईआवळीने फरक पडत नाही एवढं तरी त्यातून कळलं, ते प्रबंधात लिहू. कोरडा माणूस नाही तो, माझंच बघणं वरवरचं होतं.

९ ऑक्टोबर

रेघ उमटली.

अंधाऱ्या पेटीत विशिष्ट दिव्याखाली पट्टी धरली आणि ती तिथे होती, बारीक, ठळक, जिथे असायला हवी तिथेच. शिवानीने मला उचलून गोल फिरवलं. म्हणजे मी उचलण्याजोगी झाले आहे की पोरगी दणकट आहे, देव जाणे. लगेच ज्ञानोबाला फोन लावला. नागुबाईंना फोनवर सांगितलं, मावशी, रेघ आली. त्या म्हणाल्या, “येनारच की. बोलावली व्हती तिला.”

४ नोव्हेंबर, लातूर

पेशींचा निकाल. बशीतल्या यकृताच्या पेशींना तेल पाजून चरबी चढवतात आणि मग रंग घालतात. चरबीचे थेंब लालभडक दिसतात. शिवानीने सूक्ष्मदर्शकाखाली आधी अर्क न दिलेली बशी दाखवली, कुंकवाचा करंडा सांडावा तशी. मग अर्क दिलेली. लाल थेंब होते, पण विरळ, निम्म्याहून कमी. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच.

दयानंद सर म्हणाले, विषय चालू. उंदरांचा प्रयोग दिवाळीनंतर. आणि लगेच माझ्याकडे वळून, बशीत झालं म्हणजे माणसात होतं असं नाही, तुम्ही घरी भुईआवळी उकळून पिऊ नका. उद्धवरावांनी चुगली केलेली दिसते. मी कधीच उकळली नव्हती, नुसती शेगडीवर ठेवली होती.

शिवानी जिन्यात बसून रडली आणि हसली, मीही. मग तिने आईला फोन केला, आईने बापाला, चाकूरात आज पुरणपोळी आहे म्हणे. मी एकच खाईन.

५ नोव्हेंबर, नांदेड

सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आले, ठरलेली तपासणी. ग्रेड वन. उद्धवराव म्हणाले, भुईआवळीने कमाल केली की. मी म्हटलं, तिला मी तोंडसुद्धा लावलं नाही, मशीनमध्ये गडबड असेल. डॉक्टरांनी विचारलं, चालता का? मी म्हटलं, छे हो, वेळ कुठे होता, महिनाभर शेतात वाकून वाकूनच जीव गेला.

संध्याकाळी शिवानी आली. संग्रहात ठेवायचा कागद घेऊन आली होती, त्यावर वाळवून चिकटवलेली भुईआवळीची एक फांदी, खाली चौकट. गोळा करण्याचं ठिकाण, तारीख. ‘वनस्पती ओळखणारे’ या ओळीत तिने दोन नावं लिहिली होती. आधी नागुबाई, मग कुसुम, म्हणजे मी. त्याखाली आडवी रेष, माझ्या सहीसाठी रिकामी. तिला साडेसातची गाडी गाठायची होती, पेन उघडून हातात दिलं.

मी पेन बंद केलं. म्हटलं, आज मुक्काम कर.

दिवा आणून भिंग घेतलं. फांदी वाळताना पानं पसरून दाबलेली होती, खालून फळं दिसत होती, झोळीत लोंबणारी. देठ हिरवट. सगळं बरोबर होतं. तरीही स्वयंपाकघरातून तीन दाणे तांदूळ आणले, हळद लावली आणि कागदाच्या कोपऱ्यात ठेवले. उद्धवराव आणि शिवानी दारात उभे राहून बघत होते, दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

“उद्या सकाळी येते,” मी कागदाला म्हणाले.

६ नोव्हेंबर

उजाडताच पुन्हा बघितली. हिरवीच आहे. सही केली.